मॉम बुशे आणि नामानिराळं राहण्याची शिडी

कॅनडातल्या माँट्रियलच्या मोरीस ‘मॉम’ बुशे या हेल्स एंजल्स नावाच्या मोटारसायकल टोळीच्या म्होरक्याविषयी बोलताना लोक मोटारसायकलींवरच थांबतात. बघायला हवी ती जाकिटाची पाठ. तिथे शिवलेल्या हेल्स एंजल्सच्या पॅचचे तीन तुकडे असतात: वर क्लबचं नाव, मधे पंखांची कवटी, खाली हद्द. जून १९९५ मध्ये सुरू झालेल्या बुशेच्या शाखेत खालच्या पट्टीवर जागेच्या नावाऐवजी ‘नोमॅड्स’ (भटके) होतं. म्हणजे हद्दच नाही, धंदा क्वेबेक प्रांतभर कुठेही.

हा पॅच एकदम मिळत नाही. आधी ‘हँगअराउंड’ (सोबत फिरणारा), मग ‘प्रॉस्पेक्ट’ (उमेदवार), मग मतदान. नोमॅड्सच्या हाताखाली रॉकर्स हा दुसरा क्लब होता. कोकेनचा भाव वर ठरायचा; रस्त्यावरची विक्री, मारहाण आणि खून खाली. रॉकर्सच्या कमाईतले १० टक्के फंडात जायचे. पैसे मोजायला वेगळे फ्लॅट, हिशेब कॉम्प्युटरवर. रक्त खालच्याच्या हाताला लागावं आणि वरचा नामानिराळा राहावा, ही सगळी रचना त्यासाठीच.

रॉक मशीन या विरोधी टोळीशी १९९४ पासून चाललेल्या युद्धात सुमारे १६० माणसं गेली. ऑगस्ट १९९५ मध्ये जीपमध्ये लावलेला बॉम्ब फुटला आणि तुकडा जवळच खेळणाऱ्या ११ वर्षांच्या डॅनियल देरोशेच्या डोक्यात घुसला. चार दिवसांनी तो गेला. त्याच्या आईने कायद्यासाठी पाठपुरावा केला, आणि १९९७ मध्ये कॅनडात टोळीविरोधी कायदा आला. या युद्धाची गोष्ट सांगताना तिला वगळू नये.

त्याच वर्षी बुशेचा हिशेब चुकला. तुरुंगरक्षकाला मारणाऱ्याला सरकार माफीचा साक्षीदार करणारच नाही, म्हणून आपली माणसं फुटणार नाहीत, असा त्याचा होरा. जूनमध्ये दियान लाविन्य आणि सप्टेंबरमध्ये पिएर रोंदो या तुरुंगरक्षकांचे खून झाले. डिसेंबरमध्ये पकडलेला मारेकरी लगेच फुटला. आणि शिडी सोडून बुशे त्याच्याशी स्वतः बोललेला होता!

१९९८ मध्ये ज्यूरीने या एकट्या साक्षीदारावर विश्वास ठेवला नाही. सुटलेल्या बुशेचं त्याच रात्री बॉक्सिंगच्या सामन्यात टाळ्यांनी स्वागत झालं; हे वाचताना आजही संताप येतो. न्यायाधीशांनी ज्यूरीला दिलेल्या सूचना चुकल्याचं सांगत अपील कोर्टाने २००० मध्ये निकाल रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितलं. मार्च २००१ च्या धाडसत्रात नोमॅड्स आणि रॉकर्स जवळपास सगळेच आत गेले, आणि तो नेटका ठेवलेला हिशेबच पुरावा झाला. मे २००२ मध्ये बुशेला या दोन खुनांसाठी जन्मठेप झाली, २५ वर्षं पॅरोल नाही. जुलै २०२२ मध्ये तो कैदेतच कॅन्सरने मेला.