बार्शी लाईटची इंग्लंडमधली बहीण

मँचेस्टरला धाकट्या भावाकडे गेले, तेव्हा त्याने विचारलं, "ताई, कुठे जायचं? लंडन की लेक डिस्ट्रिक्ट?" मी म्हटलं, ह्यूम एंड. त्याने ते नावही ऐकलं नव्हतं. मी मात्र कित्येक वर्षं ते मनात धरून होते. आम्ही बार्शीचे. आजीचं बोट धरून पंढरपूरला गेलो ते बार्शी लाईट या छोट्या रेल्वेनेच. आषाढीला तर टपावरसुद्धा माणसं बसलेली असायची. त्या गाडीची एक धाकटी बहीण स्टॅफर्डशायरच्या दरीत धावत होती, हे कळल्यापासून मला तिथे जायचंच होतं.

बार्शी लाईट उभी केली इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपने. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेत नोकरी करताना त्याने पाहिलं, की मोठी लाईन बार्शीला बाजूला ठेवून कुर्डुवाडीवरून गेली आहे आणि एवढ्या मोठ्या पेठेचा माल बैलगाड्यांतून स्टेशनवर न्यावा लागतो. पुढे त्याने स्वतःच कंपनी काढली आणि 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी ही 34 किलोमीटरची अडीच फुटी लाईन सुरू झाली. त्याचं गणित असं: इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण, चाकांच्या कुठल्याच आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. म्हणजे हलके रूळ पुरतात, खर्च आवाक्यात राहतो आणि गाडी तरीही भरपूर माल ओढते. हीच लाईन 1906 ला पंढरपूरला, 1911 ला लातूरला आणि 1927 ला मिरजेला पोचली. कॅलथ्रॉप गेला तोही त्याच वर्षी.

बार्शीला जमलेलं हे गणित तो मायदेशी घेऊन गेला. 27 जून 1904 ला लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे, म्हणजे ती धाकटी बहीण, सुरू झाली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तेच, अडीच फूट. दोन्हीकडची इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची. इंग्लंडने हिंदुस्थानला रेल्वे दिली, हे आपण शाळेत घोकतो. सोलापूर जिल्ह्यातल्या माळरानावरचा धडा इंग्लंडमध्ये गिरवला गेला, हेही बार्शीच्या पोरांना शाळेत शिकवायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

ह्यूम एंड हे या लाईनचं एक टोक. तिथलं जुनं तिकीटघर आता माहिती केंद्र आहे. आत त्या काळच्या स्टेशनची छोटी प्रतिकृती मांडली आहे. तिच्यापाशी मी किती वेळ उभी होते, कोण जाणे. इथल्या एका इंजिनाचं नावच 'ई. आर. कॅलथ्रॉप' होतं. जुन्या फोटोत त्याच्या कपाळावर भलामोठा दिवा दिसतो, आपल्याकडच्या इंजिनांना असायचा तसाच.

मला सगळ्यात भावली ती इथली युक्ती. वॉटरहाऊसेसला, लाईनच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या गेजची वाघीण मालासकट छोट्या गाडीच्या सपाट गाड्यावर चढवायचे आणि तशीच दरीत न्यायचे. माल उतरवणं नाही, पुन्हा चढवणं नाही. कुर्डुवाडीला एका गाडीतून दुसऱ्या गाडीत पोती टाकणारे घामाघूम हमाल मला आठवले.

ही लाईन जेमतेम तीस वर्षं चालली. वस्ती विरळ, मुख्य माल दुधाचा. मग रस्त्यावर लॉऱ्या आल्या आणि 1934 ला गाडी बंद पडली. रूळ उखडून तिथे पायवाट केली. तेरा किलोमीटरची ती वाट आम्ही पूर्ण चाललो. स्वेन्सलीचा बोगदा लागला. जवळच्या हवेलीच्या मालकाला गाडी दिसू नये म्हणून तो खणलेला. वेटन मिलच्या पुढे नदी उन्हाळ्यात जमिनीखाली गडप होते. कोरडं पात्र पाहून सीना आठवली. वर डोंगरात थॉरच्या गुहेचं तोंड आ वासून दिसत होतं.

इथली दोन्ही इंजिनं केव्हाच भंगारात गेली. बार्शी लाईट मात्र 2008 च्या सुमारास ब्रॉडगेज होईपर्यंत धावत राहिली.

वॉटरहाऊसेसला पोचल्यावर अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. बार्शीत रात्र झाली होती. दरी, गुहा त्यांनी भराभर पाहून घेतली. मग म्हणाले, "इंजिनाचा फोटो दाखव." केंद्रात टिपलेला फोटो भावाने पाठवला. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि एका बाजूची मोठी चाकं मोजली.

"तीनच आहेत गं," ते म्हणाले. "आपल्याला चार होती."