बुऱ्हाणपूरला गेलात तर आधी जामा मशीद बघा

बुऱ्हाणपूरचं नाव काढलं की समोरचा लगेच मुमताजवर येतो. ती इथेच गेली, 1631 साली, चौदाव्या बाळंतपणात. तापीपलीकडे जैनाबादला आहूखान्यात, म्हणजे शिकारीच्या बागेत पुरली, मग सहा महिन्यांनी आग्र्याला नेली. खरं आहे सगळं. पण आम्हा रावेरकडच्यांना बुऱ्हाणपूर म्हणजे लग्नाचा बस्ता, मावा जिलेबी आणि आत्याचं घर. मध्य प्रदेशात गेलं ते कागदावर. फारूकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी होती ती, आणि बाजारात अजूनही मराठीत घासाघीस चालते.

या दिवाळीनंतर आत्याला म्हटलं, बस्ता नाही, शहरच बघायचंय. आत्या म्हणाली, "तठी काय पाह्यशील वं, नुसत्या भिती त राह्यल्या." म्हणाली आणि पदर खोचून निघालीसुद्धा.

त्या भिंतींपैकी शहराचा तट निजाम असफजाहने 1731 मध्ये बांधला. आता कुठे तटाला घरं टेकलीत, कुठे त्याच्यावर कपडे वाळतायत. शनवारा दरवाज्यातून रिक्षा, हातगाड्या, शाळेची पोरं सगळं एकदम आत शिरतं. दरवाज्याकडे मान वर करून बघणारी मी एकटीच.

जामा मशिदीला घुमट नाही. काळा दगड, सपाट छत, दोन उंच मिनार, समोर पंधरा कमानींची ओळ. अंगणातल्या उन्हातून आत गेलं की डोळ्यांना जरा वेळ लागतो. तिथल्या एका बुजुर्गांनी विचारलं, "शिलालेख देखना है?" आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीवर मारला. अरबी लेख आहे, तो असणारच. सोबत नागरी अक्षरात संस्कृत! सुरुवात 'श्री सृष्टिकर्त्रे नमः'. पुढे अव्यक्त, व्यापक, नित्य अशा ईश्वराला वंदन, फारूकी राजांची वंशावळ, आणि मग तिथी: संवत 1646, शके 1511, विरोधी संवत्सर, पौष महिना, शुद्ध पक्ष, वार, नक्षत्र, सगळं लग्नपत्रिकेसारखं काटेकोर. म्हणजे जानेवारी 1590. बांधणारा आदिलशाह फारूकी, लोकांच्या तोंडी राजा अली खान. मशिदीच्या भिंतीवर पंचांग कोरून घेणाऱ्या या राजाचं नाव आमच्या शाळेच्या पुस्तकात कधी दिसलं नाही, याचा मला खरंच राग आला. बारा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, 1601 च्या जानेवारीत, त्यांचा जवळचाच किल्ला असीरगड अकबराकडे गेला आणि फारूकींचं राज्य संपलं.

आत्या तोवर अंगणात सावलीत बसून एका बाईशी भेंडीच्या भावावर बोलत होती.

मग गुरुद्वारा, बडी संगत. 1708 मध्ये नांदेडला जाताना गुरू गोबिंदसिंग इथे थांबले होते. पंजाबातून आलेली दोन कुटुंबं भेटली. त्यांना जामा मशीद माहीत नव्हती. पुढे लोधीपुऱ्यात बोहऱ्यांची दर्गाह-ए-हकीमी, पांढराशुभ्र संगमरवर आणि लखलखीत फरशी. सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांच्या दर्शनाला बोहरी लोक जगभरातून येतात. तिथल्या एका पाहुण्याला विचारलं, गुरुद्वारा पाहिला का? तोही नाही. नागझिरीला कबीरपंथीयांचं निर्णय मंदिर आहे, तिकडचे भाविक तिसरीकडेच. जो येतो तो आपली एक जागा बघतो आणि स्टेशन गाठतो. शहराचं नावच खुलदाबादच्या सूफी बुऱ्हाणुद्दीन गरीबांवरून पडलं, तेही कुणाच्या गावी नसतं.

कुंडी भंडाऱ्यात मात्र सगळे सापडतात. 1615 च्या सुमारास, मुघल सुभेदार अब्दुर रहीम खानखानाच्या काळात झालेलं हे पाणीपुरवठ्याचं काम. सातपुड्याकडून जमिनीखालून तापीकडे झिरपणारं पाणी बोगद्यात धरायचं आणि ते उतारावर आपोआप शहरात आणायचं. वर बोगद्याच्या रेषेत एकापाठोपाठ कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडं. लिफ्टने खाली उतरता येतं. भिंतींवर चुन्याचे थर चढलेत, पाणी गार आणि नितळ. आत्या लिफ्टला घाबरली, वरूनच ओरडली, "पानी पेऊ नको वं!"

जायचं तर हिवाळ्यात जा, मे महिन्यात अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नाही. डोकं झाकायला ओढणी किंवा रुमाल हवाच. आणि चपला साध्या घाला. बंदवाले सँडल घातले होते मी, दर दारात वाकून बक्कल काढायचं आणि लावायचं. आत्याने दुपारनंतर तिच्या चपला सरळ पिशवीत टाकल्या, दराब्याच्या, म्हणजे इथल्या मिठाईच्या डब्याशेजारी.