सिग्नल ब्रिज, नोंद ४: आडवी जोडी पुन्हा गेली

रविवारचे चार तास घालवून शेवटी मॉडेलच्या सिग्नलचं एक डोकं (दिव्यांची गोल तबकडी) पेटलं. पाच मिनिटांनी त्यातली दिव्यांची आडवी जोडी विझली. चूक माझीच, त्या जोडीला रेझिस्टर (वीज मर्यादेत ठेवणारा भाग) लावायचाच विसरलो होतो.

नव्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या अल्टूनाच्या पश्चिमेला, घाटातल्या मेन लाइनवर उभा असलेला एक सिग्नल ब्रिज (रुळांवरून आडवा जाणारा, सिग्नल धरणारा लोखंडी पूल; आपल्याकडे गँट्री म्हणतात तो) मी एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ला, मॉडेल म्हणून करतोय. खरा आता नाही. मागच्या खेपेला गेलो तर रुळांच्या दोन बाजूंना नुसते काँक्रीटचे पाये, आणि थोडं पुढे जमिनीतून निघालेला चकचकीत नवा खांब. टेप घेऊन रुळात उतरायचं नाही, त्यामुळे सगळी मापं जुन्या फोटोंवरून. फोटोत रुळांमधलं अंतर मोजायचं. ते १४३५ मिलिमीटर, आपल्या मॉडेलवर साडेसोळा. बाकी सगळं त्रैराशिक. फोटो तिरका असेल तर मात्र डोकं धरून बसावं लागतं.

दिवे पेन्सिल्व्हेनिया रेलरोड या जुन्या रेल्वे कंपनीच्या पद्धतीचे. १९१५मध्ये ओव्हरब्रुक ते पाओली भागात विजेच्या गाड्या आल्या, तेव्हा कंपनीचे सिग्नल अभियंते ए. एच. रड यांच्या हाताखाली हे सिग्नल उभे राहिले. तांबडा-हिरवा भेदच नाही, सगळे दिवे पिवळसर, धुक्यातून दिसणारे. तिघांची रांग उभी असली की मोकळं, तिरकी असली की जपून, आडवी असली की थांबा. एखादा बल्ब गेला तरी उरलेल्या दोघांवरून रांग कळते. आपल्याकडे ‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी सुटणार. इथे रांग पडली की गाडी थांबणार. मला हे सवयीचं व्हायला वर्ष लागलं.

वायरिंगला ही रचना फार सोयीची आहे. वरच्या डोक्यात सात दिवे. मधला कायम चालू, उरलेल्या तीन जोड्या. म्हणजे चार वायरी आणि सगळ्यांची मिळून एक कॉमन. ०४०२ मापाचा कणाएवढा एलईडी चिमट्यात धरताना श्वास रोखायचा; एक उडून गालिच्यात गेला तो गेलाच. सगळी तबकडी शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी.

हे पूल गेले कसे, हे खूप जण विचारतात. २००८च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला लोकल आणि मालगाडीची टक्कर होऊन २५ जण गेले. त्यानंतर महिनाभरात पीटीसीचा, म्हणजे गाडी आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेचा कायदा झाला. मुदत २०१५ची होती, ती पुढे २०२०पर्यंत लांबली. जुने पूल पाडा असं कायद्यात कुठेच नाही. पण या यंत्रणेसाठी रिले (सिग्नल चालवणारे विजेचे स्विच) आणि केबल बदलायला घेतल्यावर शंभरीकडे झुकलेलं गंजकं लोखंड कोण ठेवणार? शिवाय चार रुळांचे अनेक ठिकाणी तीन-दोन झालेले, मग एवढा रुंद पूल कशाला? बल्ब बदलायला वर चढणाऱ्या माणसाला विचाराल तर त्याला नवा खांबच आवडेल, हेही खरं.

पुढच्या रविवारी आडवी जोडी परत सोल्डर करायची, या वेळी रेझिस्टर आधी. शिडीच्या १४ पायऱ्या बाकी आहेत. आणि गंज: तपकिरीत केशरी किती घालायचा यावर अजून अडलोय. सगळे फोटो संध्याकाळचे, त्या उजेडात सगळंच केशरी दिसतं. कुणाकडे ढगाळ दुपारचा फोटो असेल तर पाठवा.