टोचलेलं हरीण

लंडनमध्ये १८२४ च्या सुमारास 'युरेनियाज मिरर' नावाची ३२ पत्त्यांची पेटी निघाली होती. प्रत्येक पत्त्यावर तारकासमूहांची रंगीत चित्रं, आणि तारा असेल तिथे भोक. ठळक ताऱ्याला मोठं, मंद ताऱ्याला बारीक. पत्ता दिव्यापुढे धरला की तारे चमकायला लागतात. हे वाचलं आणि मला राहवेना. टिळक रोडवर जाऊन ओरायनचा, म्हणजे ग्रीकांच्या शिकाऱ्याचा, पत्ता जाड कागदावर छापून आणला, आजीची गोधडीची सुई घेतली आणि बसलो.

खांद्यावरच्या काक्षी ताऱ्याला आणि पायातल्या राजन्याला सुई आरपार घालून जरा फिरवली. कमरपट्ट्याचे तिन्ही तारे इतके चिकटून, की कागद फाटतो की काय असं झालं. ते निभावलं, पण पुढे सोट्यापाशी हात घसरला. एक भोक जास्तीचं पडलं.

"हा कोण दांडगट? आणि हरीण कुठंय?" आजीने विचारलं.

तिचं बरोबरच होतं. आपल्याकडे तो मृग. प्रजापती हरीण होऊन रोहिणीच्या मागे लागला, तेव्हा रुद्राने व्याध होऊन बाण मारला. ग्रीकांचा कमरपट्टा तोच आपला हरणाच्या पोटात रुतलेला बाण. आणि आपला व्याधाचा तारा तिकडे चक्क शिकाऱ्याचा कुत्रा! म्हणजे त्यांचा शिकारी इकडे येऊन शिकार झाला, कुत्र्याला मात्र बढती मिळाली. कॅसिओपिया आणि अँड्रोमेडा हे तारकासमूह तिकडे मायलेकी; मराठीत आपण त्यांना शर्मिष्ठा आणि देवयानी केलं. एक विहिरीत ढकलणारी, दुसरी ढकललेली.

रात्री ट्यूब मालवून टेबललॅम्पपुढे पत्ता धरला. आजीने आधी बाण शोधला, मग मान डावीकडे-उजवीकडे करत म्हणाली, "हा एक जास्तीचा आहे." मोतीबिंदू काढल्यापासून तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

मी लालांदची साक्ष काढली. हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मांजरवेडा. १७९९ मध्ये त्याने आकाशात एक मांजर बसवलं, आणि जर्मन खगोलशास्त्रज्ञ बोडेच्या १८०१ च्या नकाशात ते छापूनही आलं. आजच्या ८८ तारकासमूहांत ते नाही.

"मांजर कशाला घालवलं मेल्यांनी?" आजी म्हणाली.

पत्ता सध्या तिच्या पंचांगात आहे, जूनच्या पानावर, खुणेला.