आता स्कूटर येईल

दुसरा अल्बम पडतो, असं एक गृहीतकच आहे. पहिल्यासाठी वर्षानुवर्षं साठवलेली पुंजी असते, दुसऱ्याला कंपनीची घाई. द स्टूजेस या अमेरिकन रॉक बँडचं नेमकं उलटं. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या या पोरांकडे १९६९ साली पहिल्या अल्बमपुरती गाणीच नव्हती. काही ऐनवेळी जुळवावी लागली. दुसऱ्या अल्बमची, ‘फन हाउस’ची गाणी मात्र आधी स्टेजवर घोटून झाली आणि मग १९७०च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत गेली.

तिथं निर्माता डॉन गलूची यानं भलतंच केलं. आवाज शोषून घेणारे गालिचे वगैरे काढायला लावले, सगळ्यांना एकाच खोलीत उभं केलं आणि गायक इगी पॉपच्या हातात स्टेजवरच्यासारखा माइक दिला. आता गाण्याच्या माइकमध्ये ड्रमही शिरणार आणि गिटारही. मग एक ओळ चुकली की तेवढीच पुन्हा गाऊन चिकटवणं जमत नाही. सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवसांतलं ध्वनिमुद्रण १९९९ साली सात सीडींत निघालं. तीच ती गाणी, पुन्हा पुन्हा. लोकांना कंटाळा येत असेल, मला दाराआडून रियाज ऐकल्यासारखं वाटलं.

याला कारण आमचं बडोदं. दांडिया बाजारातल्या घरी आत्यानं घरगुती बैठकींच्या कॅसेटी जपून ठेवल्यात. तंबोऱ्यासोबत पंख्याची घरघर, कुणाचा तरी खोकला, दाद आणि गल्लीतून जाणारी स्कूटर. ती आली की आत्या बोट वर करते, “आता ऐक हं, तान येतेय.” आजकालच्या यंत्रांनी ती स्कूटर सहज पुसता येईल, पण आत्याला मग तानच चुकल्यासारखी वाटेल. फैयाज खाँसाहेब जिथं दरबारी गायक होते, त्या गावात असले कान अजून आहेत. त्या कॅसेटींवर वाढल्यामुळे मला स्वच्छ पुसून काढलेलं गाणं कधी फारसं भावलं नाही.

आत्याला ‘फन हाउस’मधलं ‘डर्ट’ ऐकवलं. सात मिनिटं बास गिटारची एकच संथ चाल. “घाई नाही रे याला,” एवढंच म्हणाली, आणि ते खरंच आहे. ‘टी. व्ही. आय’च्या आरंभीची किंकाळी मात्र ऐकवायचं धाडस झालं नाही. शेजारी धावत आले असते.

तेव्हा हा अल्बम फारसा खपला नाही. आज समीक्षक डोक्यावर घेऊन नाचतात, ते ठीकच. पाचव्या गाण्यात स्टीव्ह मके सॅक्सोफोन घेऊन घुसतो तिथून तर खोली फुटायचीच बाकी राहते. पण शेवटचं ‘एल. ए. ब्लूज’, ज्याला ना चाल ना ठेका, त्याचं कौतुक ज्यांना करायचं त्यांनी खुशाल करावं. मी सहाव्यावर थांबतो.