रिंगणातली बस उभी कुठे राहणार?

छत्रपती संभाजीनगरसाठी गोल फेरीची बस सुचवताना नकाशावर रेघ ओढणं सोपं आहे. रेल्वे स्टेशन, क्रांती चौक, सिडको, मुकुंदवाडी, केंब्रिज चौक, तिथून बीड बायपासनं महानुभाव आश्रम आणि परत स्टेशन. लोहमार्ग या रिंगणाच्या पोटात येतो. खरी अडचण वेळापत्रकात आहे.

फेरी २४ किमी आणि वेग ताशी १६ किमी धरला तर ९० मिनिटं लागतात. त्यात उशीर भरून काढायला गाडी उभी ठेवण्याची १० मिनिटं मिळवा. दर १० मिनिटांनी गाडी हवी असेल तर एका दिशेला १०, दोन्हीकडून मिळून २० गाड्या लागतील. पैसे वाचवायला लोक आधी ती १० मिनिटंच कापतात. गोल फेरीला शेवटचा थांबा नसतो, त्यामुळे उशीर कुठेच भरून निघत नाही.

समजा क्रांती चौकापुढच्या मोंढा नाक्याला गाडी ४ मिनिटं मागे पडली. थांब्यावर मिनिटाला एक माणूस येतो, चढायला ४ सेकंद लागतात. पुढे १० ऐवजी १४ माणसं उभी, म्हणजे थांब्यामागे १६ सेकंद जास्त. दहा थांब्यांत आणखी पावणेतीन मिनिटं गेली. मागच्या गाडीला माणसं कमी मिळतात, ती जवळ येत जाते आणि पुढे कुठेतरी दोघी लागोपाठ. पहिली खचाखच, दुसरी मोकळी.

म्हणून स्टेशन आणि केंब्रिज चौक या दोन ठिकाणी पाच-पाच मिनिटं गाडी उभी करावी, आणि नियंत्रकानं घड्याळापेक्षा पुढच्या गाडीचं अंतर बघून सोडावी. रेल्वे लेट आहे म्हणून रिंगणातली गाडी मात्र अडवू नये, तो उशीर सगळ्या फेरीला लागतो. स्टेशनवर एक जादा गाडी राखीव ठेवावी.

मुकुंदवाडीचं बारकाईनं पाहायला हवं. तिथलं रेल्वे स्टेशन जालना रस्त्याच्या दक्षिणेला, आत आहे. सिडकोकडून येणारी गाडी उत्तरेच्या कडेला थांबते, म्हणजे सामान घेऊन अख्खा जालना रस्ता ओलांडायचा! उलट दिशेची गाडी स्टेशनच्याच बाजूला उतरवते. त्यामुळे थांबा सिग्नलला लागून हवा आणि पाटीवर नंबराशेजारी दिशा ठळक हवी: ‘सिडकोमार्गे’, ‘बायपासमार्गे’. चुकीच्या दिशेला बसलेल्याचा तास जातो.

तिकीट मशीनवर फेरी संपल्याची नोंद मुख्य रेल्वे स्टेशनलाच करावी, तिथे बहुतेक जण उतरतात. पुढे जाणाऱ्याचं तिकीट मात्र पुढच्या फेरीतही चालायला हवं.