बारा मिनिटं चाळीस सेकंद

"मॅम, व्हिडिओ की जगह तो एबीसीडी आ गई!"

मागच्या बाकावरून आवाज आला आणि मी न बघताच ओळखलं, व्हिडिओचा कोड कंपोझमधे, म्हणजे साधं लिहायच्या व्ह्यूमधे, पेस्ट केलाय. ब्लॉगरमधे, म्हणजे गूगलच्या ब्लॉग लिहायच्या साइटवर, डावीकडे वर ती पेन्सिल असते ना, तिच्यावर क्लिक करून आधी एचटीएमएल व्ह्यूमधे, म्हणजे कोड लिहायच्या बाजूला, जायचं आणि मग आयफ्रेमचा, म्हणजे यूट्यूबचा व्हिडिओ आपल्या पानात दाखवणारा, कोड टाकायचा, हे मी त्या पिरियडमधे किती वेळा बोलले असेन देव जाणे.

आठवीला कॉम्प्युटर शिकवते मी, इथे इंदूरलाच. वर्गात रामबाग, लोकमान्य नगरकडची मराठी घरातली पोरं बरीच आहेत, पण घरी "आई गं" आणि शाळेच्या गेटच्या आत आलं की "अरे भिया". आणि माझंही तेच होतं, शिकवायला मराठीत सुरू करते आणि वाक्य हिंदीत संपतं. तर ह्या वर्षी वर्गाचा ब्लॉग काढलाय, विषय आपलं इंदूर, आणि पोरांना त्यात व्हिडिओ हवेच होते, नुसतं लिहिलेलं कोण वाचतं म्हणे.

पहिल्या दिवशी एक जण अख्खा व्हिडिओ डाउनलोड करून पेनड्राइव्हमधे घेऊन आला. बाकीच्यांनाही तसंच वाटत होतं, आधी उतरवायचा मग चढवायचा. म्हटलं अरे, व्हिडिओ यूट्यूबच्याच घरी राहतो, आपण फक्त आपल्या भिंतीला एक खिडकी पाडतो. लगेच प्रश्न, "और उन्होंने घर बंद कर दिया तो?" मग खिडकीत काळोख! मालकाने व्हिडिओ डिलीट केला किंवा दुसऱ्या साइटवर दाखवायला बंदी घातली की आपल्याकडे नुसता काळा डबा उरतो. म्हणून व्हिडिओखाली त्याचं नाव आणि चॅनलचं नाव लिहायचंच, म्हणजे निदान शोधता तरी येतं, आणि दुसऱ्याच्या मेहनतीला नाव देणं बरंही दिसतं.

आता माझी चूक सांगते. पोरांना सोपं जावं म्हणून मी घरी वर्डमधे बसून नमुन्याचा कोड टाइप केला आणि ती फाइल सगळ्यांना वाटली. सगळ्यांच्या पोस्टमधे चौकट आली, पण आत व्हिडिओ नाही, एकाचाही नाही. मी नेटला शिव्या घातल्या, लॅबच्या कॉम्प्युटरना घातल्या, आणि पिरियड संपता संपता लक्षात आलं की वर्डने माझी सरळ अवतरणचिन्हं परस्पर वाकडी करून ठेवलीत, ती शोभेची असतात ना तशी, आणि ब्राउझरला ती कळत नाहीत. एक पिरियड गेला. तेव्हापासून कोड फक्त यूट्यूबवरूनच कॉपी करायचा, शेअर मग एम्बेड, मधे वर्ड आणायचा नाही.

पण खरी गंमत सेकंदांची झाली. राजवाड्याच्या, म्हणजे होळकरांच्या जुन्या वाड्याच्या, ग्रुपने चाळीस मिनिटांचा एक व्लॉग टाकला, ज्यात तो भाऊ सुरुवातीला नुसते पोहेच खातोय. विचारलं, ह्यात राजवाडा कुठे आहे? "मॅम, पूरा अच्छा है." म्हणजे बघितलेला नाही! तेव्हा नियम केला, व्हिडिओ कुठून सुरू होणार ते ठरवायचं आणि वर स्वतःच्या दोन ओळी लिहायच्या, का बघायचं आणि कुठे बघायचं. एम्बेडच्या खिडकीत स्टार्ट ॲट म्हणून एक चौकोन असतो, त्यात टिक करून वेळ टाकायची. त्यांनी १२:४० टाकलं तर कोडमधे ७६० आलं. हे कुठून आलं म्हणून गोंधळ, मग एकीने फळ्यावर बारा गुणिले साठ अधिक चाळीस करून दाखवलं आणि अशी बघितली माझ्याकडे की जणू शोध तिनेच लावला.

आणि १२:४० ला काय तर कॅमेरा खालून वर जातो. त्यांनी वर लिहिलं, "खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. १९८४ च्या आगीत काय जास्त जळलं असेल ते बघा." आजोबांना विचारून आली होती पोरगी. पुस्तकातून उतरवलेल्या पानभर माहितीपेक्षा मला हे दोन वाक्यांचं पोस्ट आवडलं, पूर्ण मार्क दिले.

मोबाइलवर व्हिडिओ उजवीकडून कापला जायचा, कारण कोडमधे रुंदी ५६० असते. तिथे १०० टक्के लिहिलं की झालं, आईवडील सगळे फोनवरच बघतात.

सराफ्याच्या, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊगल्लीच्या, ग्रुपचं काल रात्री साडेदहाला चेक करायला बसले. पट्ठ्यांनी बरोबर गराडू, म्हणजे कंदाचे तुकडे, तेलात पडतात तिथून सुरू केलाय, पहिल्याच सेकंदाला चर्र्र, आणि आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज, "काय गं, जायचं का?" बाकीच्या तीन ग्रुपचं चेकिंग राहिलंय.